उपासाचा लाडू

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या शेवगावकडच्या घरात ज्वारी संपली होती. कणगीत उरल्या होत्या त्या आदल्या सालच्या भुईमुगाच्या शेंगा. सकाळी दाण्याची चटणी, संध्याकाळी दाण्याची आमटी, फोडणीला दाण्याचंच तेल. आणि माझ्या दोन्ही लेकरांना नेमका दाणाच चालत नव्हता. पोटात गेला की अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. धाकट्याचा तर श्वासच अडकायचा. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, शेंगदाणा बंद, तेलसुद्धा बंद. मग रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी पाण्यात बुडवून लेकरं खायची आणि शेजारणी मला ऐकू येईल असं म्हणायच्या, "कालेज शिकली, लेकरं उपाशी मारायला."

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. सासरी मात्र 'कालेजवाली' ही शिवी होती.

यांची भिंगारच्या लष्करी डेपोतून अंबाल्याला बदली झाली. क्वार्टर मिळाल्यावर यांनी आम्हाला बोलावलं, तेव्हा सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं.

"तू जा. लेकरं हितंच ऱ्हातील. परमुलखात काय खाऊ घालशील त्यान्ला?"

"इथं काय खातात, आत्याबाई? तुमच्या शिव्या?"

असं बोलायची रीत नव्हती. मी बोलले. शेवटी सासऱ्यांनी निवाडा दिला : सासूबाईंनी बरोबर जायचं, आणि वाटेत एकाही लेकराला काही झालं, तर दोघांना घेऊन परत यायचं. यांनीही तिकडून होकार कळवून टाकला. मला कुणी विचारलं नाही.

निघायच्या आधी मी दशम्या केल्या, तूप लावून. फुटाणे बाजारातून आणले नाहीत. भट्टीवर फुटाणे आणि शेंगदाणे एकाच वाळूत भाजतात, म्हणून हरभरे घरीच भाजले. सासूबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. "लई सोवळं," एवढंच म्हणाल्या.

मनमाडला गाडी बदलली आणि खरा छळ सुरू झाला. डब्यात पाय ठेवावा तिथं शेंगांची टरफलं. मी वर्तमानपत्राच्या कागदानं आमच्या बाकाखालचं झाडून काढलं, तर समोरचा गृहस्थ मुद्दाम शेंगा फोडत म्हणाला, "बाई, गाडी विकत घेतली काय?"

"लेकरं मात्र माझी आहेत. टरफलं तिकडं टाका."

खांडव्याला चढलेल्या एका बाईनं मुलांपुढं चिवड्याचा डबा धरला. मी तो परत लोटला. तिचं तोंड उतरलं. आमच्या हातचं चालत नाही का, असं तिनं तिच्या हिंदीत विचारलं. सासूबाईंनी लगेच तिची समजूत घातली, "आमची सून येडी हाय, मनावर घेऊ नका." डबाभर माणसं हसली. गावातलं वैर आमच्याबरोबर तिकीट काढून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. सासूबाईंची एकादशी कधी मोडली नव्हती. भोपाळच्या अलीकडं गाडी थांबली, मी पाणी भरायला उतरले. परत आले तेव्हा धाकटा ओठ खाजवत होता. बघता बघता डोळे सुजून मिटले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

"काय दिलंत?"

"काय न्हाई."

थोरली म्हणाली, "आजीनं लाडू दिला. मी नाही घेतला."

दाणे-गुळाचा लाडू. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी चमच्यात विरघळवून त्याच्या जिभेवर सोडली, पोराला उभं धरलं आणि गार्डाला हाक मारली. गार्डानं पुढं कळवलं. भोपाळला डॉक्टर डब्यात आले, इंजेक्शन दिलं. पोराची मान माझ्या खांद्यावर पडली होती. मी फक्त त्याच्या बरगड्या बघत होते. हळूहळू त्या सावकाश हलू लागल्या. गाडी सुटायच्या आत डॉक्टर म्हणाले, "न्या आता. गोळ्या चालू ठेवा, आणि पुन्हा दाणा देऊ नका."

डॉक्टर उतरले तशा सासूबाई गाठोडं बांधू लागल्या.

"ठरलंय न्हवं? वाटंत लेकरू पडलं. उतर खाली. मी दोघान्ला घिऊन माघारी चालले."

"लाडू कुणी दिला?"

"उपासाचा हुता गं! उपासाचं कुणाला बाधतं का? देवाचं अन्न त्ये. म्या म्हनलं, एकादस हाय, आज तरी तुझं नाटक उघडं पडंल."

आमच्याकडं उपासाचं म्हणजे शुद्ध, शुद्ध म्हणजे निर्धोक. त्यात दाणाच असतो, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. हे मला आज कळतं. त्या वेळी कळून घ्यायची माझी इच्छा नव्हती.

मी त्यांच्या पिशवीतले सगळे लाडू खिडकीबाहेर फेकले.

"दुष्काळात अन्न फेकतीस? सटवे!"

"फेकते. आणि ऐका, आत्याबाई. परत जायचं तर तुम्ही जा. लेकरांना हात लावलात तर याच डब्यात सगळ्यांना सांगेन, नातवाला कुणी मारायला घेतलं होतं ते."

समोरच्या गृहस्थानं शेंगांची पुडी गुपचूप खिशात घातली. सासूबाईंनी गाठोडं सोडलं नाही, पण उतरल्याही नाहीत. मी केळी घेऊन त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती सालीसकट माझ्याकडं सरकवली.

अंबाल्याच्या स्टेशनवर हे आले होते. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगितलं, लाडवासकट. यांनी आईकडं पाहिलं. त्या गाठोडं उचलून पुढं चालू लागल्या. आठवड्यानं ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर त्या एकट्याच गावी गेल्या.

मी दोघांची नावं तिथल्या शाळेत घातली. लेकरं गावी ठेवायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. दोघंही माझ्याजवळ वाढली.