वाळवी पुढच्या दाराने

"डोक्यावर मोळी घे आणि पाहुण्यांसमोरून जरा कण्हत कण्हत चाल."

अध्यक्षीणबाईंनी हे मला मुलुंडच्या त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात सांगितलं. हातात कपबशी. बशी जराही हलली नाही. आत पाहुणे जमले होते, जंगल वाचवायला. त्यांनी मंडळाला सढळ देणग्या द्याव्यात म्हणून एक देखावा ठरला होता: रानाचा गळा घोटणारी मोळीवाली.

"आमची मोळीवाली आज नेमकी उगवली नाही," त्या म्हणाल्या. "पण तूही दिसायला तशीच आहेस."

तशीच. वा. वीस वर्षं त्यांची मोळीवाली मीच होते.

वीस वर्षं डोंगरातून उतरून मी त्यांच्या मागच्या पत्र्याच्या दाराशी भारा टाकला. त्यांच्या आंघोळीचा बंब माझ्या लाकडांवर तापला. डोक्यावर भारा असला की मान वाकते, तोंड दिसत नाही. आणि दिसलं तरी बघतंय कोण?

मग आमच्या पाड्यावर साक्षरता वर्ग निघाला. मी वाचायला शिकले. मास्तरीणबाईंनी या वनरक्षण मंडळात शब्द टाकला आणि चाळिशी उलटल्यावर मी नोकरदार झाले. हिरव्या काठाचं पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक. दारोदार जाऊन जंगलासाठी देणगी मागायची. नेमताना अध्यक्षीणबाईंनी विचारलं, मुलुंडमधली घरं माहीत आहेत का? मी म्हटलं, सगळी. पण मागच्या बाजूने. त्यांना काही कळलं नाही.

मंडळाने एक भाषण छापून दिलं होतं. मी ते काय म्हणायचे म्हणून सांगू! 'वृक्षराजी' आली की हात वर. 'ऱ्हास' आला की आवाज खाली. आणि पुढे ते वाक्य: 'मोळीवाल्या बाया ही जंगलाला लागलेली वाळवी आहे.' इथे मी बोटं वळवून हवेत कुरतडून दाखवायचे. बंगल्यातल्या बायका गहिवरायच्या. दीड महिना मी घरोघर स्वतःला शिव्या घातल्या आणि वर शाबासकी घेतली. अक्षरं लावता येत होती. अर्थ लावायचा राहून गेला होता.

अर्थ लावला माझ्या जावेने. तिला अक्षर येत नाही. माझी नोकरी लागल्यापासून या बंगल्याची मोळी तीच टाकत होती. आदल्या संध्याकाळी मी चुलीपुढे उभी राहून भाषणाची तालीम करत होते, ती भाकरी थापत होती. मी हवेत कुरतडलं. तिचे हात थांबले.

"म्हंजे आमी वाळवी का गं?"

एवढंच. तव्यावरची भाकरी करपली. मला तोंड वर करवेना. सकाळी ती रानात गेली नाही. बाईंची मोळीवाली उगवली नाही, ती अशी.

आणि आता बाई मला कण्हायला सांगत होत्या.

परसात परवाची मोळी पडली होती. घेतली डोक्यावर. नाटकाची हौस मला पहिल्यापासून आहे. आत गेले, पण कण्हले नाही. अध्यक्षीणबाईंचा चेहरा एकदम उजळला. "अगंबाई, तू तर आमची मोळीवाली!"

ओझ्याखाली ओळखलं. दीड महिना समोर उभी होते, तेव्हा नाही. पाहुणे कौतुकाने हसले. खरीखुरी मिळाली, सोंग आणावं लागलं नाही. बाईंनी खूण केली: भाषण म्हण.

म्हटलं. हात मोळीला होते, म्हणून नुसत्या आवाजाने रंगवलं. वृक्षराजी झाली, ऱ्हास झाला. 'मोळीवाल्या बाया ही...' तिथे थांबले आणि मोळी गालिच्यावर टाकली. साल उडाली, माती उडाली, दोन मुंगळे निघाले.

"ताई, ही तुमच्या बंबाची लाकडं. यातली एक काडी ओली दाखवा. ओल्याचा धूर होतो म्हणून तुम्हीच मोळी परत पाठवता. मग हिरवं झाड तोडून आम्ही विकायचं कुणाला?"

काडीला कुणी हात लावला नाही. एका गृहस्थांनी मुंगळ्याला भिऊन पाय खुर्चीवर घेतले. हे जंगल वाचवणार.

"उचल ते आणि मागच्या दाराने नीघ," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. आता बशी वाजत होती.

मी पावतीपुस्तक मोळीवर ठेवलं आणि पुढच्या दाराने निघाले. जाताना दाराच्या फळीवर हात फिरवला. लाकूड मला कळतं. जुनं सागवान, अख्खं झाड. ते काही कुणा बाईच्या डोक्यावरून आलं नव्हतं.

घरी जाऊन जावेपुढे बसले. तिने लगेच माफ केलं नाही, करूही नये. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पाड्यावर घरोघर गेलो, पावतीपुस्तकाशिवाय. आता आमच्यातली एकही बाई मागच्या दाराला मोळी टाकत नाही. बंब तापवायचा असेल तर पुढच्या दाराने बोलवा, तोंड बघा, नाव विचारा. नाहीतर गार पाण्याने आंघोळ करा. त्याने जंगलही वाचतं.

वाळवी म्हणालात ना? सागवानाला वाळवी लागत नाही म्हणतात.

बघतेच.