एकदाच वापरलेला ट्रेलर

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आम्हाला सहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला गेलो, तर हॉलबाहेरच्या बोर्डावर कुणीतरी कागद लावला होता : ‘ट्रॅव्हल ट्रेलर विकणे आहे. एकवीस फुटी. एकदाच वापरलेला.’ गाडीला जोडून न्यायचं चाकांवरचं घरच ते. खाली किंमत होती, आणि ती इतकी कमी होती की मी कागद दोनदा वाचला.

बायको म्हणाली, “एकदाच वापरून कोण विकतं रे? काहीतरी गोम आहे.”

गोम असणार हे मी किंमत वाचूनच ठरवून टाकलं होतं. जुनी गाडी घ्यायची तर पायाखालची मॅट उचलून गंज बघणारा माणूस मी. पण मुली सात आणि चार वर्षांच्या होत्या, मोटेलमध्ये राहून आणि गार पिझ्झा खाऊन आम्ही कंटाळलो होतो, आणि स्वतःचं स्वयंपाकघर मागे ओढत न्यायची कल्पना बायकोच्या मनात पक्की बसली होती. आमच्याकडे मध्यम आकाराची, वर्षभरापूर्वी घेतलेली एसयूव्ही होती. ती पाच हजार पौंड ओढते, असं तिच्या पुस्तकात लिहिलं होतं.

ट्रेलर ज्यांचा होता ते काका सत्तरीचे. पुण्याहून चाळीस वर्षांपूर्वी आलेले, सगळी नोकरी पुलांच्या बांधकामात काढलेली. मंडळात ते बोलत कमी आणि बोलले तर चूक काढायलाच, अशी त्यांची ख्याती. बर्फ वितळल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. ड्राइव्हवेत निळ्या ताडपत्रीखाली ट्रेलर उभा होता. मुली आत शिरल्या आणि धाकटी वरच्या बंकवर चढून म्हणाली, “धिस वन इज माइन!” मी मात्र भिंती अंगठ्याने दाबत, कोपऱ्यांचा वास घेत हिंडत होतो. ओल कुठेच नव्हती. मग बाहेर येऊन पाहिलं, तर मागच्या उजव्या कोपऱ्याचा पत्रा बाकीच्यापेक्षा पांढरा.

“काका, हा पत्रा नवा दिसतोय.”

“हो. बदललाय.”

“का?”

“खरचटला होता.”

चहा घेऊन दारात आलेल्या काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. ते मी टिपलं.

मग काकांनी विचारलं, “तुझी गाडी ती का?” आणि माझ्या होकाराची वाटही न बघता जाऊन त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं, कमरेत वाकले, गाडी किती वजन पेलते ते सांगणारं, दाराच्या आतल्या कडेला चिकटवलेलं स्टिकर वाचलं आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं. नंतर आमच्याकडे वळून म्हणाले, “मुलींची वजनं किती?”

मी अंदाजे सांगितली. माझंही सांगितलं.

“आणि हिचं?”

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच घाईघाईने एक आकडा सांगून टाकला. तो दहा पौंडांनी कमी सांगितला, तरी तिने तो आठवडाभर ऐकवला. काका म्हणाले, “बरं. कळवतो.”

“विकणार ते, आणि चौकशी आपली?” परतताना बायको म्हणाली. “कळवतो काय? मुलगी बघायला आलो होतो का आपण?”

तीन आठवडे फोन नाही. मीच केला. काकू म्हणाल्या, “ते बाहेर गेलेत,” आणि मागून काकांचा खोकला स्पष्ट ऐकू आला. दोन दिवसांनी त्यांचाच फोन.

“तो ट्रेलर तुला देणार नाही.”

“दुसऱ्या कुणी जास्त दिले का?”

“नाही. तुझ्या गाडीला तो झेपणार नाही.”

“काका, गाडी पाच हजार ओढते. ट्रेलर बेचाळीसशेचा आहे. मी ब्रोशर बघितलंय.”

“ब्रोशरमधला ट्रेलर रिकामा असतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

ऑफिसातला मित्र म्हणाला, “यार, किंमत वाढवतोय म्हातारा. चार दिवस थांब, पुन्हा फोन येईल.” मला ते पटलं. तो कोपऱ्यातला पत्रा, काकूंची नजर, खोटं बोलून टाळलेला फोन, सगळं जुळत होतं.

त्या शनिवारी आम्ही हायवेलगतच्या एका ट्रेलरच्या दुकानात गेलो. सेल्समन फार गोड. मुलींना फुगे दिले, बायकोला फ्रीज उघडून दाखवला, आणि चोवीस फुटी ट्रेलरसमोर उभा राहून म्हणाला, की तुमची गाडी हा सहज ओढेल, मागे काही आहे हेसुद्धा विसराल. मी विचारलं, “गाडी बघणार का? बाहेरच उभी आहे.” तो हसून म्हणाला, “गरज नाही.”

तिथे मला खटकलं. एक माणूस न विचारता गाडीचं दार उघडतो आणि नाही म्हणतो. दुसरा काचेतूनही बघत नाही आणि हो म्हणतो. दोघांतला फसवतोय कोण? सही न करता आम्ही निघालो, आणि मी गाडी सरळ काकांच्या घराकडे घातली.

काका लायब्ररीत गेले होते. काकूंनी आम्हाला आत बसवलं. मी स्पष्टच विचारलं, “काकू, त्या ट्रेलरचं खरं काय आहे?”

त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, “त्यांना सांगू नका मी बोलले म्हणून. आमची गाडी तुमच्यासारखीच होती. पेन्सिल्व्हेनियात उतारावर होतो. शेजारून मोठा ट्रक गेला आणि मागे ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा, मग गाडीची शेपूटच इकडून तिकडे. ह्यांनी ब्रेक दाबला, तर आणखी वाढलं. थांबलो तेव्हा रस्त्याच्या मधल्या गवतात होतो, आणि तोंड आलो त्या दिशेला.”

“लागलं का कुणाला?”

“नाही. पण गाडी ओढून नेली, तेव्हा ह्यांनी ट्रेलर सामानासकट काट्यावर चढवायला लावला.” त्यांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली. पाच हजार तीनशे पौंड. पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, बॅटरी, भांडी, तांदळाची पिशवी, सगळं धरून. “आयुष्यभर पुलांचे भार काढले, आणि घरचा भार ब्रोशर वाचून घेतला, असं म्हणाले. एवढंच. लोकांना सांगतात, वेळ होत नाही म्हणून विकतोय.”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनात आलं, हीसुद्धा बनवलेली गोष्ट असेल तर?

आज लिहायला लाज वाटते, पण पुढच्या रविवारी मी तिघींना गाडीत बसवलं, कूलर, खुर्च्या, सगळं सामान भरलं आणि ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी नेऊन उभी केली. स्टिकरवरच्या मर्यादेपर्यंत जेमतेम साडेचारशे पौंडांची जागा उरली होती. ट्रेलरच्या वजनाचा साधारण आठवा हिस्सा जोडणीच्या हुकावर, म्हणजे गाडीवरच येऊन बसतो, हे मी तोवर वाचलं होतं. काकांच्या ट्रेलरचा हिशेब साडेसहाशेच्या वर जात होता.

“म्हणजे काका खरं बोलत होते,” बायको म्हणाली.

“आकडे तरी तसंच म्हणतायत,” मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली.

तो ट्रेलर शेवटी मोठा पिकअप ट्रक असलेल्या एका सुताराने नेला. त्याच्याही ट्रकचं दार काकांनी आधी उघडून बघितलं, असं काकूंनी सांगितलं. आम्ही जुना, घडी घालता येणारा, तंबूच्या कापडाचा ट्रेलर घेतला, वजनाने जवळजवळ निम्मा. घ्यायच्या आधी काकांना दाखवायला बोलावलं. ते येऊन वाकले, वाचलं, लिहिलं आणि म्हणाले, “हा चालेल.”

जूनमध्ये दोन तासांवरच्या एका पार्कला निघालो तेव्हा काकू म्हणाल्या, “मी पण येते.” काकांनी डायरी काढली, पुन्हा बेरीज केली आणि त्यांना आमच्या गाडीत बसायची परवानगी दिली. स्वतः मात्र आपली छोटी गाडी घेऊन आमच्या मागे निघाले. मी ताशी पंचावन्न मैलांनी चाललो होतो, तेही पंचावन्नने. पूर्ण रस्ताभर आरशात त्यांचा चष्मा दिसत होता. माझी चिडचिड झाली. हा माणूस माझी परीक्षा घेतोय.

पार्कमध्ये पोहोचताच ते उतरले आणि आधी ट्रेलरच्या टायरला हात लावून गरम झालाय का ते बघितलं. मी म्हणालो, “काका, माझ्या ड्रायव्हिंगवर भरवसा नव्हता का?”

“नव्हताच,” ते म्हणाले. “पण मागून ट्रक आला तर आधी माझ्यापाशी यावा, एवढ्यासाठी होतो.”

परत निघताना मी त्यांना म्हणालो, “काका, आता तुम्ही पुढे व्हा.” ते गाडीत बसले, सीटबेल्ट लावला आणि मी निघेपर्यंत तिथेच थांबून राहिले.