खरखरीने खाल्लेला शब्द

माझ्या एका 'नका'पायी माणूस मेला असता.

ज्यांनी त्याला मरू दिलं नाही, ते शिरसाठ सर आज सकाळी गेले.

मी इगतपुरीच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते. सर टेस्टिंग इंजिनिअर. आमचा कॅरियर फोन विजेच्या तारांवरूनच बोलायचा. घाटात धुकं उतरलं की तारा चरचरतात. ती चरचर थेट कानात.

त्या आठवड्यात सर नाशिकच्या टोकाला फिल्टर जुळवत होते.

"निम्मी खरखर काढलीय, मॅडम. उरलेली तुम्ही सांभाळा."

दुपारी एका लाईनचं काम संपलं. माणसं टॉवरवरून उतरली, त्यांच्या सुरक्षेसाठी लावलेलं अर्थिंग काढलं. शेजारच्या चालू लाईनवरच्या फोनवरून मी नाशिकला वीज सोडायला कळवलं, चार्ज करा.

फोन ठेवला. खिडकीतून पाहिलं.

लाईनमन तुकाराम परत टॉवरवर चढत होता. पाना वर राहिला होता.

मी फोन उचलला. "लाईन चार्ज करू नका."

पलीकडचा ऑपरेटर म्हणाला, "हो, चार्ज करू."

"करू नका."

"करतोच आहे, मॅडम."

तुकाराम अर्ध्यावर पोचला होता.

तेवढ्यात सरांचा आवाज आला. टेस्टिंगसाठी हेडफोन लावून ते सगळं ऐकत होते.

"थांब रे. हात काढ तिथून." मग मला, "मॅडम, चालू की बंद? एकच शब्द."

"बंद."

"परत."

"बंद. माणूस वर आहे."

"बंद ठेवली."

तुकाराम पाना घेऊन उतरला. बिडी पेटवली.

संध्याकाळी सरांचा फोन. "एम.ए. मराठी ना तुम्ही? आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. खरखर नेमकी तोच खाते. तिथे माझा फिल्टर काय करणार?"

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही टोकांना कॅरियर फोनवर 'नका' म्हणायला बंदी.

"आणि तुकारामला यातलं काही कळता कामा नये," सर म्हणाले.

आज पंचवटीत सरांच्या दारात तुकाराम भेटला. आता रिटायर झालाय. मी सगळं सांगितलं.

"मंग तवाच का नाय सांगितलं मला?"

"सर म्हणाले, त्याला उद्या परत चढायचंय."



त्याने चप्पल काढली आणि खांदा द्यायला पुढे गेला.

शिरसाठ सर, अखेरचा नमस्कार.