शेजारणीने मागितलेलं पाणी

फुलपाड्यात आमच्या समोरची शेजारीण एका बंदिस्त पंथातली. बाहेरच्यांच्या घरचं पाणीसुद्धा त्यांना चालत नाही, याचा मला भयंकर राग यायचा. पंथ सोडायला निघालेल्या तिच्या एकोणीस वर्षांच्या लेकीला पंथातल्याच दोघांनी ठार मारलं आणि आईला गप्प बसायचा हुकूम झाला.

चौथ्या दिवशी ती माझ्या दारात आली. "ताई, पाणी द्या." तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "सुटले मी त्यांच्यातून. चला पोलीस स्टेशनला."

तिच्याच साक्षीवर परवा दोघांना जन्मठेप झाली. कोर्टाबाहेर, पंथाची माणसं बघत असताना, तिने टपरीवर मोठ्याने दोन कटिंग मागवले. घोट घेऊन मला विचारलं, "पोरगी तुमच्याकडे चोरून प्यायची, तो चहा असाच असायचा?"

"छे," मी म्हटलं, "याहून गोड."