शब्द पोचले पाहिजेत

निकम सरांची ओळख सोसायटीच्या भजनात झाली. आम्ही नेरूळला नवीनच राहायला आलो होतो. सर शाळेत विज्ञान शिकवीत. भजनाला मागे भिंतीला टेकून बसत. एकदा त्यांनी माझे टाळ मागून घेतले, वाजवले आणि एकाचा काठ तांब्यातल्या पाण्याला टेकवला. तुषार उडाले. “वहिनी, आवाज म्हणजे ही थरथर,” सर म्हणाले. मॅट्रिकला मी ध्वनी पाठ केला होता, बघितला तो त्या दिवशी.

तेव्हा पाण्याचा टँकर यायचा. गेटपासून जिन्यापर्यंत आम्ही बायका रांगेनं हातोहात हंडे पुढे द्यायचो. सरही रांगेत उभे राहत. म्हणाले, हवेचं असंच आहे. बाई जागेवर, हंडा पुढे. बोलणाऱ्याच्या तोंडची हवा आपल्या कानापर्यंत चालत येत नाही, ती शेजारच्या हवेला धक्का देऊन मागे फिरते. पोचतो तो धक्का. माझ्या धाकटीला दहावीचं विज्ञान त्यांनी असंच शिकवलं. फीचं विचारलं तर म्हणाले, कडबोळी चालतील.

पुढे सोसायटीत देऊळ झालं. भाविकांनी आपापल्या घरच्यांची नावं कोरून गुळगुळीत फरशा दिल्या. सभामंडपाच्या भिंती छतापर्यंत भरल्या. सरांनी आधीच कमिटीला विनवलं होतं की टणक भिंत आवाज परत फेकते, पहिला शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर पडतो, सगळा काला होतो. निदान मागच्या भिंतीला जाड गोधड्या लावा, त्या आवाज शोषून घेतील.

अध्यक्ष तात्या म्हणाले, “सर, देवळात गोधड्या? लोक म्हणतील, वाळत घातल्यात.”

“म्हणू देत. कीर्तन तर कळेल.”

सगळे हसले. सरही हसले, आणि विषय तिथेच राहिला. त्याची हळहळ आज वाटते.

कारण मंडप घुमतो. आम्ही कान देऊन निभावतो, पण सरांचे कान आता मंदावलेत. गेल्या चातुर्मासात ते कीर्तनाला यायचे बंद झाले. मी प्रसाद घेऊन त्यांच्या घरी गेले, तर म्हणाले, “वहिनी, आवाज येतो हो. शब्द येत नाहीत.” ज्यांनी आम्हाला ऐकणं म्हणजे काय ते शिकवलं, त्यांचंच आम्ही ऐकलं नाही. ती कीर्तनं काही परत येणार नाहीत.

सरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार त्याच मंडपात आहे. आम्ही बायकांनी कोऱ्या कापडाच्या गोधड्या शिवून मागच्या भिंतीला लावल्यात. नावं झाकली म्हणून दोन घरं रुसली आहेत. शिडी मात्र तात्यांनीच धरली.

सर, पांडुरंग तुम्हाला उदंड आयुष्य आणि धडधाकट शरीर देवो. सत्कारानंतर कीर्तन आहे. मागच्या भिंतीपाशी तुमची जागा राखली आहे. शब्द पोचले तर मान डोलवा. नाही पोचले, तर आमचं मन राखायला डोलवू नका. आम्ही आणखी गोधड्या शिवू.