क्रुसापासून घरापर्यंत

माझा आवाज ऐकला की माझी मुलगी भिंतीकडे तोंड फिरवायची. ती सहा वर्षांची होईपर्यंत हे रोज घडलं, आणि त्याचा अर्थ मी एकट्यानेच लावून टाकला होता. हिला मी नको आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही मूळचे तळकोकणातले. वसईजवळ भुईगावात एका वाडीवाल्यांच्या घरात दोन खोल्या घेऊन राहत होतो. माझी नोकरी कामणच्या शाळेत, रोजची जा-ये स्कूटरने. मुलगी जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नाही. वर्षाची झाली तरी मान धरेना, तेव्हा डॉक्टरांनी 'सेरेब्रल पाल्सी' हे शब्द कागदावर लिहून दिले. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, फार अपेक्षा ठेवू नका, असं म्हणाले. मी विज्ञान शिकवणारा माणूस. ते दोन शब्द पाठ केले आणि सगळं समजल्यासारखी मान डोलावली. मास्तरांना तशी सवय असते.

एरवी ती खाटेवर सैल पडलेली असायची. बायको तिला भरवायची, न्हाऊ घालायची, तिच्याशी अखंड बोलायची, तेव्हा सगळं ठीक. मी दारातून "बाय, आलो गं" म्हटलं की अंग ताठ. एक हात काठीसारखा सरळ, दुसरा कोपरात दुमडलेला, आणि तोंड पार भिंतीकडे. उचलून घ्यावं तर पाठीची मागे कमान करायची. एकदा माझ्या हातातून पडता पडता राहिली. त्यानंतर मी तिला उचलणंच सोडलं.

"तुमच्या आवाजाला घाबरते बहुतेक," बायको एकदा म्हणाली. "स्कूटर गल्लीत वळली की तिथपासूनच ताठ होते हो."

तिने ते काळजीने सांगितलं होतं, पण मला झोंबलं. वर्गात पोरं माझ्या आवाजाला टरकायची याचा मला केवढा अभिमान! तो त्या दिवशी उतरला. दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथेच स्कूटर बंद करायला लागलो. तिथून घर दोनशे पावलं. दोन्ही बाजूंना केळी, मधे रेताड वाट, आणि मी घामाघूम होऊन स्कूटर ढकलतोय. घरमालकीणबाई विहिरीपाशी असायच्या.

"मास्तर, उतारावर इंजिन बंद करणारे पाहिले, सपाटीवर ढकलणारे तुम्हीच! पेट्रोल एवढं महागलं काय?"

मी हसायचो. लोकांनी कंजूष म्हटलेलं चालणार होतं. पोटच्या पोरीला मी नकोसा झालोय, हे कोणाला कळायला नको होतं.

स्कूटर मागच्या अंगणात लावायची, मागच्या दाराने आत शिरायचं, स्वयंपाकघरातच जेवायचं. तिचा डोळा लागला की उंबऱ्यातून बघायचं. शाळेतल्या शिपायाने एकदा बाटली आणून दिली. "मास्तर, हे मंतरलेलं पानी आहे, पोरीला पाजा, भीती जाईल." आदल्याच आठवड्यात मी वर्गात अंधश्रद्धेवर तावातावाने बोललो होतो. तरी ते पाणी घरी नेलं आणि चमच्याने तिच्या ओठांना लावलं. काही फरक पडला नाही. एके दिवशी मी चिडून बायकोला म्हणालो, "ती मला ओळखत नाही. तिला फक्त भिंत कळते." हे मी खाटेपासून चार हातांवर उभा राहून बोललो. तिच्यासमोर. आमच्या घरात सगळंच तिच्यासमोर बोललं जायचं, कारण तिला कळत नाही हे आम्ही धरूनच चाललो होतो.

ती सहा वर्षांची असताना पापडीला अशा मुलांसाठी एक शिबिर भरलं. बायको हट्टाने घेऊन गेली. मी सभागृहाच्या बाहेर उभा राहिलो, आत गेलो तर पोर बिथरेल म्हणून. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या, वयाने अगदी लहान, माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी मला आत बोलावलं. मी नको नको म्हणत गेलो. मी तोंड उघडलं मात्र, पोर ताठ झाली आणि तिने तोंड फिरवलं.

"बघितलंत?" मी म्हणालो. आवाजात कडवटपणा होता, तो मलाही ऐकू आला.

"सर, तुम्ही त्या बाजूला जाऊन तिचे डोळे बघितलेत कधी?"

कधी बघणार? घरी त्या बाजूला भिंत होती.

बाईंनी मला पलीकडे नेऊन खाली बसवलं. तिची मान उजवीकडे वळलेली होती, पण डोळे, मी ज्या बाजूला मघाशी उभा होतो त्या बाजूला, अगदी कोपऱ्यापर्यंत ओढलेले होते. मला शोधत होते. मी समोर दिसलो तशी ती हसली. आवाज करून हसली. सहा वर्षांत तिचं ते हसू मी पहिल्यांदा पाहिलं.

बाई समजावत होत्या. तिला तुमच्याकडे वळायचं असतं, पण मेंदूचा निरोप एका स्नायूला न जाता सगळ्यांनाच जातो, मग अंग ताठतं आणि मान नेहमीच्या बाजूला जाते. जितकी इच्छा जास्त तितकं अंग ताठ. मी विचारलं, मग आईपाशी का नाही होत? त्या म्हणाल्या, "आई दिवसभर असतेच ना. वाट तुमची बघावी लागते."

मी तिथे सगळ्यांदेखत रडलो.

घरी आल्यावर खाटेवरचं अंथरूण फिरवलं. उशी होती तिकडे पाय, पाय होते तिकडे उशी. आता मान वळायची ती दाराकडे. पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटांचं.

मग मी क्रुसापाशी हॉर्न वाजवायला लागलो, दोनदा. तेवढ्यात बायको गोधडीची गुंडाळी करून तिच्या गुडघ्यांखाली सरकवायची. गुडघे वाकले की अंग थोडं सैल पडतं, हे बाईंनीच शिकवलेलं. मी स्कूटर लावेपर्यंत आतून हसू ऐकू यायचं. मी तिला पहिलीचं पुस्तक वाचून दाखवायला लागलो. 'हो' म्हणायचं असलं की ती डोळे वर न्यायची. तिला सगळं कळत होतं. पहिल्यापासून कळत होतं.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाय, मी स्कूटर ढकलत आणायचो, तेव्हाही तुला कळायचं का गं?"

डोळे वर गेले.

म्हणजे क्रुसापाशी इंजिन बंद केल्याचं ती रोज ऐकत होती. ताठ होऊन वाट बघत होती. आणि मी मागच्या दाराने आत जाऊन जेवत होतो. याची माफी मी तिच्याकडे मागितली. तिने काय उत्तर दिलं ते मला नीट दिसलं नाही, माझेच डोळे भरलेले होते.

पुढे तीन वर्षं मिळाली. गिळताना तिचा घास चुकीच्या नळीत जायचा, छाती भरायची. तशीच एकदा भरली ती उतरलीच नाही. वसईच्या दवाखान्यात पाच दिवस होतो. ती नऊ वर्षांची होती.

दिवसकार्य झालं, मी शाळेत जायला लागलो. पहिल्याच दिवशी परतताना क्रुसापाशी आलो आणि हात सवयीने हॉर्नवर गेला. दोनदा वाजवून झाला तेव्हा ध्यानात आलं. विहिरीवरचा रहाट थांबला. घरात आलो तर बायको रिकाम्या खाटेपाशी उभी होती, हातात गोधडीची गुंडाळी.

"हॉर्न ऐकला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी क्रुसापाशी स्कूटर बंद केली आणि ढकलत घरी आणली. घरमालकीणबाई विहिरीपाशीच होत्या. पेट्रोलवरून त्या काही बोलल्या नाहीत.