अभ्यासासाठी जास्तच आजारी

मला क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे. चार भाकऱ्या थापल्या तरी दुसरा दिवस अंथरुणात जातो, आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल येतात. त्यामुळे पुण्यात या आजारावर संशोधन सुरू होतंय म्हटल्यावर मी हरखूनच गेले. जाऊबाईंना घेऊन शिनोलीहून गाडीनं निघाले. पोचलो तर विभाग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! पहिल्याच जिन्यात मी बसकण मारली. जाऊबाई वर जाऊन संशोधक डॉक्टरीणबाईंना खाली घेऊन आल्या.

"या अभ्यासात दम तपासायला सायकल चालवावी लागते," बाई अवघडून म्हणाल्या. "एवढ्या आजारी पेशंटना आम्ही घेत नाही."

"मग कुणाला घेता?" मी विचारलं.

"ज्यांना झेपेल त्यांना."

"अवो मॅडम, मग मलाच घ्या की!" जाऊबाई म्हणाल्या. "मी लई ठणठणीत हाये."

मला हसू फुटलं, ते आवरेचना. डॉक्टरीणबाईही पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग त्यांनी तिथंच माझी सगळी हकिकत ऐकली, मधे एकदाही न तोडता. निवड काही झाली नाही. त्या हसण्यापायी पुढचे कितीतरी दिवस मी आडवीच होते, आणि आठवण आली की पांघरुणात पुन्हा फिदीफिदी हसत होते.